‘व्हय म्हाराजा’ म्हणजे कळलं असं नव्हे

कोकणात गाऱ्हाणं घालताना एक जण बोलतो आणि बाकीचे दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मानकरी नेमकं काय मागतोय ते मागच्या रांगेत ऐकू आलं नाही तरी बिघडत नाही, कारण ऐकणारा वेगळाच असतो. कारखान्यातली सकाळची सुरक्षा-बैठक, म्हणजे टूलबॉक्स टॉक किंवा सगळे म्हणतात तसं ‘टीबीटी’, पुष्कळ ठिकाणी याच चालीवर होते. सुपरवायझर बोलतो, पंचवीस जण माना डोलावतात, रजिस्टरवर सह्या होतात, मंडळी पांगतात. इथे मात्र मागच्या रांगेत ऐकू आलं नाही तर बिघडतं.

रोहा-धाटाव, महाड, लोटे-परशुराम इथले रासायनिक कारखाने असोत, रत्नागिरीकडचे मासळी प्रक्रियेचे आणि बर्फाचे कारखाने असोत, की सिंधुदुर्गातल्या चिरेखाणी, सुपरवायझर आणि कामगार यांच्यातलं बोलणं नेमकं कुठे गळतं आणि ती गळती कशी बंद करायची, ते एकेका जागेवर जाऊन बघू.

एक साधी सूचना

मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात सकाळी आठला दिलेली ही सूचना घ्या: ‘तो मागचा खड्डा साफ करून घ्या. मास्क लावा. जरा सांभाळून. कळला मां?’ उत्तर: ‘व्हय.’

वरवर पाहता सगळं सांगून झालं आहे. आता एकेक शब्द उचलून बघा. मागे खड्डे तीन आहेत: सांडपाणी गोळा होतं तो, पाणी ढवळतात तो आणि गाळाचा. ‘तो’ म्हणजे कुठला? ‘साफ’ म्हणजे नुसती जाळी मोकळी करायची की तळाचा गाळ उपसायचा? ‘मास्क’ म्हटल्यावर कामगाराच्या डोक्यात येतो तो खिशातला कापडी मास्क. खड्ड्यातल्या वायूपुढे त्याचा उपयोग रुमालाइतकाच. आणि ‘जरा सांभाळून’ या दोन शब्दांत माहिती शून्य आहे. सांगणाऱ्याचं ओझं उतरतं, एवढंच. काम कशाने करायचं, काय दिसलं की थांबायचं आणि थांबल्यावर कोणाला हाक मारायची, हे तर आलेलंच नाही.

आता त्या खड्ड्यात काय आहे ते पाहू, कारण धोक्याची यंत्रणा माहीत नसेल तर सूचना नीट सांगताच येत नाही. मासळी धुतलेल्या पाण्यात रक्त, खवले, आतडी असतात. ते कुजताना पाण्यातला आणि वरच्या बंद हवेतला प्राणवायू खाल्ला जातो. त्यात किनाऱ्यावर आणखी एक भर पडते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, लिटरमागे पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. खारं पाणी सांडपाण्यात गेलं की प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू त्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्याचा वास येतो तोच हा वायू. तो हवेपेक्षा थोडा जड असतो, म्हणून तळाशी बसतो. शिवाय गाळात अडकून राहतो आणि फावडं घातलं की एकदम सुटतो. म्हणूनच सकाळी वरून मोजलेलं ‘शून्य’ खरं असूनही दहा मिनिटांनी कामाचं राहत नाही.

या वायूची खरी खोड वासात आहे. हवेत दहा लाखात एक भाग, म्हणजे १ पीपीएम, भरायच्या आधीच नाकाला तो जाणवतो. ८ तासांच्या कामासाठी धरलेली मर्यादा १० पीपीएम. पण १०० पीपीएमच्या पुढे गेला की थोड्याच वेळात वास येणं बंद होतं, कारण वास ओळखणारी नसच बधिर होते. ७०० ते १००० पीपीएमला माणूस काही श्वासांत कोसळतो. म्हणजे खड्ड्यातला कामगार वर बघून म्हणतो, ‘सायब, वास गेलो आता,’ तेव्हा ती चांगली बातमी नसते. या कामात येऊ शकणारा तो सगळ्यात वाईट निरोप. हे ज्याला शिकवलेलं नाही तो सुपरवायझर उलट म्हणेल, ‘बरं झालं, आटपा लवकर.’

त्यामुळे आधी ठरवायचं ते हे की माणूस उतरवायचाच नाही. गाळाचा पंप वरून सोडून, पाण्याच्या झोताने गाळ पातळ करून उपसता येतो का ते बघायचं. बहुतेक वेळा येतो. त्यातही झोताने गाळ ढवळला जातो आणि वायू सुटतोच, म्हणून वर उभं राहणाऱ्यानेही खड्ड्याच्या तोंडावर वाकायचं नाही. उतरणं टळतच नसेल तर सूचना अशी लागते:

‘गाळाच्या खड्ड्यात, म्हणजे पिवळ्या झाकणाच्या, गाळ उपसायचा आहे. आत येणाऱ्या लाइनचा वॉल्व्ह बंद करून कुलूप लावलंय, चावी उतरणाऱ्याच्या खिशात. झाकणं दोन्ही उघडी, ब्लोअरची नळी तळापर्यंत, अर्धा तास हवा. मग वायू मोजायचा मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाला मोजायचं: प्राणवायू १९.५ ते २३.५ टक्के, पेट घेणारा वायू एलईएलच्या (हवेत पेट घेण्याइतक्या किमान प्रमाणाच्या) १० टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली. मीटर छातीवर लावूनच उतरायचं. वाजला, डोकं जड झालं किंवा वास अचानक गेला, की कारण न शोधता वर यायचं. वरचा माणूस जागा सोडणार नाही. आतला पडला तरी तो उतरणार नाही. तिवईची विंच फिरवून पट्ट्याला धरून ओढेल आणि मला हाक मारेल.’

हे सांगायला दीड मिनिट लागतं. यातलं ‘आतला पडला तरी तो उतरणार नाही’ हे वाक्य दोनदा सांगावं, कारण अशा खड्ड्यांत पहिला पडतो आणि त्याला काढायला धावलेला दुसरा, मग तिसरा. धावणारा भाऊ असतो, गाववाला असतो. ‘उतरू नको’ हे त्या क्षणी त्याला कोणी सांगू शकत नाही. ते आधीच त्याच्या तोंडून वदवून घ्यायला हवं.

मीटरबद्दल दोन गोष्टी लगेच सांगतो, कारण चुका इथेच होतात. प्रत्येक पातळीवर आकडा स्थिरावेपर्यंत, किमान एक-दोन मिनिटं, थांबावं लागतं. दोरी सरसर सोडून सरसर ओढली तर मीटर वरचीच हवा वाचून येतो. आणि ब्लोअरचं तोंड जनरेटरच्या धुराड्याशेजारी ठेवलं तर आपणच आत कार्बन मोनॉक्साइड भरत असतो. हवा ‘ताजी’ करायला प्राणवायूचा सिलिंडर सोडणं तर कधीच नको. हवेत तो २३.५ टक्क्यांवर गेला की कपडा, तेल, केस सगळं भडकून पेटतं.

परीक्षा घ्यायची ती आपल्या सांगण्याची

‘कळलं का?’ या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं. चारचौघांत ‘नाही’ म्हणणं म्हणजे आपण ढ आहोत हे कबूल करणं. त्यातून समोरचा ठेकेदाराकडचा असेल तर उद्याच्या हजेरीचाही प्रश्न. म्हणून हा प्रश्न भाषेतून काढूनच टाकावा.

त्याऐवजी समोरच्याकडून परत सांगून घ्यायचं. पण ‘मी काय बोललो ते सांग’ म्हटलं की शाळेत बाकावर उभं केल्यासारखं होतं आणि माणूस बुजतो. प्रश्नाचं तोंड आपल्याकडे फिरवलं की तेच काम होतं: ‘माझं काही सांगायचं राहिलं का बघू. तू सुरुवात कशापासून करणार?’ किंवा ‘मीटर वाजला तर पहिलं काय करशील, करून दाखव.’ तो जे सांगेल त्यात खोट निघाली तर ती आपल्या सांगण्यातली धरायची आणि पुन्हा सांगायचं. पंचवीस जणांना विचारायची गरज नाही. ज्यांच्या हातात आज धोक्याचं काम आहे त्या दोघातिघांना विचारा, आणि दररोज पुढच्या रांगेतल्या त्याच हुशार माणसाला विचारू नका.

‘का’ सांगायलाही कचरू नये. ‘वास गेला की वर ये’ एवढा नुसता हुकूम विसरला जातो. ‘वास गेला म्हणजे तुझं नाक मेलं’ हे विसरलं जात नाही.

बैठक दहा मिनिटांची, विषय एक आणि जागा कामाची. ऑफिसच्या पोर्चमध्ये उभं राहून कॉम्प्रेसर रूमबद्दल बोलण्यात अर्थ नाही. अर्थात कॉम्प्रेसर रूममध्ये बोलूनही ऐकू जात नाही, आणि जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना तर कुठेच नाही. ढोबळ खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे. तिथे तोंडी सूचना दिलीच नाही असं समजायचं; बाहेर यायचं, बोलायचं, मग आत जायचं. ज्याच्या कानात प्लग आहेत त्याच्या पाठीमागून ओरडून उपयोग नाही, त्याच्या नजरेसमोर यायला हवं. आणि सह्यांचं रजिस्टर? माणूस तिथे होता एवढंच ते सिद्ध करतं. अपघातानंतर ऑफिसला ते कामाला येतं. अपघात त्याने टळत नाही.

‘सोड’ म्हणजे काय?

कोकणातल्या कामाच्या जागी आता एकच बोली नसते. सुपरवायझर मालवणी किंवा घाटावरची मराठी बोलतो. बोटींवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळी मंडळी आहेत, चिरेखाणींत कर्नाटकातून आलेली, एमआयडीसीत ओडिशा, बिहार, झारखंडची. पण परप्रांतीयाला कळत नाही एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. मराठीच्या मराठीतही घोटाळे आहेत.

‘लाइन बंद आहे’ या वाक्यात लाइन विजेची, पाइपाची की पॅकिंगची? बंद म्हणजे कोणी मुद्दाम केली, की आपोआप पडली आणि आपोआप येईल? वायरमन आणि फिटर शेजारी उभे असतील तर दोघांना दोन अर्थ लागतात. ‘गॅस काढ’ म्हणजे वेल्डिंगचा सिलिंडर हलव, की अमोनिया दुसऱ्या टाकीत ओढून घे? सगळ्यात वाईट शब्द उचलण्याच्या कामातला: ‘सोड’. ‘हळू सोड’ म्हणजे खाली उतरव. नुसतं ‘सोड’ म्हणजे हातातलं टाक. मधला ‘हळू’ इंजिनाच्या आवाजात बुडाला की अर्थ उलटा.

जुन्या रिगरमंडळींनी, म्हणजे जड माल बांधून उचलणाऱ्यांनी, यावर आपापली तोड काढलेली आहे. खलाशांच्या बोलीतून आलेला ‘हापेस’, कुठे ‘हाबेस’, म्हणजे वर, आणि ‘आरिया’ म्हणजे खाली. कानाला दोन्ही इतके वेगळे की आवाजातही गफलत होत नाही. अडचण एवढीच की गेल्या आठवड्यात रुजू झालेल्या मुलाला यातलं काही ठाऊक नसतं, आणि तो विचारत नाही.

म्हणून उचलण्याच्या कामात तोंडी शब्दांवर विसंबूच नये. हाताच्या खुणा ठरवा: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, हळू, थांब. त्या क्रेन किंवा होइस्टवाल्याने आणि खुणा करणाऱ्याने काम सुरू होण्याआधी एकमेकांना करून दाखवायच्या. खुणा करणारा एकच माणूस, वेगळ्या रंगाच्या जॅकेटातला. तो दिसेनासा झाला की क्रेनवाल्याने थांबायचं, अंदाजाने चालवायचं नाही. या नियमाला अपवाद फक्त ‘थांब’चा: ती खूण झाडूवाल्याने केली तरी तितकीच चालते. ‘थांब’साठी शब्दही एकच ठरवून टाका. ‘स्टॉप’ हा मालवणी, नेपाळी, कानडी सगळ्यांना कळतो. इथे भाषाभिमान बाजूला ठेवलेला बरा.

दुभाषा लागणार असेल तर तो आधीच ठरलेला असावा, टोळीतला, आणि आपण सांगितलेलं त्याने आपल्याला एकदा परत सांगितलेलं. टोळीचा मुकादम आपोआप दुभाषा होतो, पण दर नगावर पैसे मिळत असतील तर ‘थांबा’ हा शब्द त्याच्या भाषांतरात हटकून पातळ होतो.

वारा बघून पळायचं असतं

बर्फाच्या कारखान्यात आणि शीतगृहात अमोनिया असतो. सूचनाफलकावर बहुधा लिहिलेलं असतं: ‘गळती झाल्यास मागील गेटने बाहेर पडा.’ किनाऱ्यावर ही सूचना अर्धा दिवस चूक असते. पावसाळा सोडला तर दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि रात्री उशिरा ते पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी सुरक्षित असलेलं गेट पहाटे नेमकं गळलेल्या अमोनियाच्या ढगाच्या वाटेवर येतं.

त्यामुळे सूचना गेटाची नको, वाऱ्याची हवी. छतावर वाऱ्याची पिशवी लावा, कामाच्या प्रत्येक जागेवरून दिसेल अशी, रात्री उजेड असलेली. जमायच्या जागा दोन ठेवा, कारखान्याच्या दोन विरुद्ध बाजूंना. आणि सांगायचं वाक्य असं: ‘आधी पिशवी बघ. ढगात असशील तर वाऱ्याला आडवा चाल आणि बाहेर पडल्यावर वारा ज्या बाजूने येतो तिकडच्या जागेवर ये.’ ‘आडवा’ हा शब्द जमिनीवर चालून दाखवावा लागतो, नुसता सांगून कळत नाही.

पुस्तकात अमोनिया हवेपेक्षा हलका असतो आणि वायू म्हणून तो आहेही. पण द्रवाची लाइन फुटली की तो उणे ३३ अंशांना उकळतो, आपल्याकडच्या दमट हवेतली वाफ गोठवतो, आणि गार, जड, पांढरा ढग जमिनीलगत सरकत जातो. ‘हलका असतो, खाली वाका’ असं शिकवलेला माणूस नेमका त्या ढगात वाकतो. दुसरी एक सूचना अर्धवट दिली जाते: ‘अमोनियावर पाणी मारा.’ हवेतल्या वायूवर पाण्याचा बारीक फवारा बरोबर, पाणी तो शोषून घेतं. जमिनीवर साचलेल्या द्रवावर पाणी ओतलं तर तो आणखी जोरात उकळतो आणि ढग वाढतो. ‘पाणी मारा’ या दोन शब्दांत हा फरक मावत नाही.

बस सुटायच्या आधीचा पाव तास

पाळी बदलताना जे सांगायचं राहतं, ते बोलण्यातलं सगळ्यात महाग भगदाड. याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण उत्तर समुद्रातलं आहे. पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर ६ जुलै १९८८ रोजी एका पंपाचा सुरक्षा-वॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि उघड्या तोंडावर नुसती चकती बसवली होती. काम संध्याकाळपर्यंत संपलं नाही. परमिट, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीचा कागद, घेणारा ते परत द्यायला गेला तेव्हा अधिकारी दुसऱ्या कामात गुंतलेला होता, म्हणून कागद ठेवून तो निघून गेला. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला पहिल्या पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचा कागद दिसला, ती दुरुस्ती अजून सुरू झाली नव्हती. काढलेल्या वॉल्व्हचा कागद वेगळा होता, तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही. त्यांनी पंप सुरू केला. चकतीतून वायू सुटला, स्फोट झाला, १६७ माणसं गेली. कागद होता, सह्याही होत्या. समोरासमोर उभं राहून कोणी कोणाला ‘तो वॉल्व्ह जागेवर नाही’ एवढं म्हणालं नव्हतं.

आपल्याकडे हे कसं घडतं? पाळी संपते, कंपनीची बस ठरल्या वेळेला सुटते, आणि हस्तांतरण गेटाकडे चालता चालता होतं: ‘सगळा ओके हा. दोन नंबरचा जरा बघ.’ ‘दोन नंबरचा’ काय, आणि ‘जरा’ म्हणजे किती, हे बसमध्ये बसलेल्यालाच माहीत. उपाय उपदेशाने होत नाही, वेळापत्रकाने होतो. दोन पाळ्या १५ मिनिटं एकमेकींवर चढवायच्या, ती मिनिटं पगारात धरायची आणि बस त्यानंतर सोडायची.

त्या पाव तासात वहीतलं वाचायचं आणि मग दोघांनी जाऊन बघायचं. जे चालू आहे त्यावर फार वेळ नको. जे नेहमीसारखं नाही तेवढं बोला: काय काढलेलं आहे, काय तात्पुरतं बांधलेलं आहे, कुठला अलार्म बंद ठेवलाय, कुठलं परमिट अर्धवट आहे, कुठे कोण आत आहे. अर्धवट सोडलेल्या जागी कुलूप आणि टॅग. टॅगवर नाव, तारीख आणि एक ओळ: ‘वॉल्व्ह काढला आहे, लाइन उघडी.’ ‘काम चालू आहे’ असा टॅग निरुपयोगी. कुलपाची चावी ज्याने लावलं त्याच्याकडेच. पुढच्या पाळीने आपलं कुलूप चढवलं की मगच त्याने आपलं काढायचं.

‘बघतो’

आतापर्यंतचं सगळं वरून खाली. खालून वर येणारी वाट जास्त मोलाची आणि जास्त तुंबलेली. पंपाचा आवाज बदलला, पायरी गंजली, झाकणाचा बोल्ट ढिला झाला हे आधी कळतं ते तिथे रोज हात लावणाऱ्याला. तो सांगत का नाही? मागच्या वेळी सांगितलं तेव्हा काय झालं ते त्याला आठवतं म्हणून. कधी ‘तुका काय कळता?’, कधी ‘कंटेनर आज न्हावा-शेव्याला पोचायचाय, आधी माल काढ’, आणि बहुतेक वेळा नुसतं ‘बघतो’. मराठीत ‘बघतो’ म्हणजे नाही, हे कामगाराला पक्कं माहीत असतं.

पहिल्या दहा सेकंदांत सुपरवायझर काय करतो यावर पुढच्या सहा महिन्यांचे निरोप ठरतात. उठून त्याच्याबरोबर जाऊन बघायचं. मग तीनपैकी एक सांगायचं: आत्ता थांबवतोय; अमक्या दिवशी दुरुस्त होईल, तोवर हे असं करा; किंवा यात धोका का नाही ते. तिसरं उत्तरही चालतं. न मिळालेलं उत्तर चालत नाही.

ज्याला ‘नियर मिस’ म्हणतात त्यासाठी मराठीत तयार शब्द आहे: थोडक्यात वाचलं. पन्नास किलोची बर्फाची लादी पायाशेजारी पडते, सगळे हसतात, कोणी तरी म्हणतो ‘देवान वाचवल्यान’. नारळ जरूर फोडावा, पण वहीतही लिहावं. ‘थोडक्यात वाचलं’ची वही साधी ठेवा: काय झालं, कुठे, आता काय करणार, कोण, कधीपर्यंत. ‘चूक कोणाची’ हा रकाना ठेवलात की वही कोरी राहील. लिहिता न येणाऱ्याने व्हॉट्सॅपवर आवाज पाठवावा, आपल्या भाषेत. उतरवून घेणं हे सुपरवायझरचं काम. आठवड्याभरात झालेली दुरुस्ती बैठकीत दाखवायची. महिन्याला आठ-दहा नोंदी येणाऱ्या विभागात अचानक शून्य आली तर पेढे वाटू नका. धोके एका महिन्यात संपत नसतात, बोलणं संपतं.

काम थांबवायचा अधिकार कागदावर बहुतेक कंपन्या देतात. तो खरा आहे की नाही हे एकाच गोष्टीवरून कळतं: ज्याने थांबवलं आणि धोका निघाला नाही, त्याचं काय झालं? त्याची हजेरी कापली असेल तर अधिकार त्या दिवशी संपला.

कायदाही कामगाराच्या बाजूला काही देतो. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना देणं मालकावर बंधनकारक झालं आणि जिवावरचा धोका दिसला तर तो कळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्या कलम १४ नुसार गंभीर इजेचा किंवा मृत्यूचा धोका समोर आहे असं वाजवी कारणाने वाटलं तर कामगार ते मालकाला थेट किंवा सुरक्षा समितीमार्फत कळवू शकतो, आणि त्याच वेळी निरीक्षकालाही. सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. कळवताना तारीख, वेळ, जागा आणि काय दिसलं एवढं लिहून त्या कागदाचा फोटो स्वतःकडे ठेवावा. तोंडी सांगितलेलं नंतर कोणाला आठवत नाही.

बोटीवर समिती नसते

मासेमारीच्या बोटीवर सुपरवायझर म्हणजे तांडेल आणि कामगार म्हणजे खलाशी. तिथे रजिस्टर नाही, सुरक्षा अधिकारी नाही, इंजिनाच्या आवाजात बोलणंही नाही. जाळं ओढताना विंचवरचा माणूस आणि जाळ्याजवळचा माणूस यांच्यात खुणाच चालतात आणि बऱ्याच अंशी त्या चांगल्या चालतात, कारण जुनी माणसं एकमेकांचे हात ओळखतात. मोसमाच्या सुरुवातीला मात्र अर्धे खलाशी नवे असतात. बंदरातून सुटण्याआधी, इंजिन बंद असताना, विंचवर ‘थांब’ची खूण प्रत्येकाकडून एकदा करून घ्यायला पाच मिनिटं लागतात. खोल पाण्यात दोर हाताभोवती गुंडाळला गेल्यावर ती शिकवता येत नाही.

मासळी ठेवायच्या खणाचं गणित गाळाच्या खड्ड्यासारखंच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, खणाची झाकणं लावलेली. आत तळाला मासळीचं पाणी राहिलं असेल तर दोन महिने तेच कुजत असतं. मोसमातही कुटीची (वाळवून भुकटी करायची) मासळी बर्फाशिवाय खणात पडून राहिली की एक-दोन दिवसांत तेच होतं. नव्या खलाशाला ‘खण धुवून घे’ म्हणताना सांगायचं ते असं: सगळी झाकणं काढ, निदान तासभर उघडी ठेव, वरून होजने पाणी मार, बिल्जचा (बोटीच्या तळाचं पाणी उपसायचा) पंप लाव, हातपंखा किंवा ब्लोअर असेल तर नळी तळाला सोड. मीटर बोटीवर नसतोच, म्हणून एरवी वरून लांब दांड्याच्या झाडूने होईल तेवढंच काम करायचं. उतरायचंच झालं तर कमरेला दोर, दोराचं टोक वर दोघांच्या हातात, आणि दर मिनिटाला वरून हाक. उत्तर आलं नाही तर दोर ओढायचा. खाली वाकून बघत बसायचं नाही.